मुनीराचा हैबतराव

बायकोच्या आयुष्यात हैबतराव नावाचा पुरुष आहे हे नासिर मुकादमला कळलं, तेव्हा तो पासष्टीला आला होता आणि हॉलमध्ये बसून पायाची नखं कापत होता. स्वयंपाकघरात मुनीरा बोंबील साफ करत होती. करता करता बोलत होती, आणि ज्या आवाजात बोलत होती तो आवाज नासिरनं उभ्या संसारात ऐकला नव्हता. निदान त्याला तसं वाटलं.

"हैबतरावानं वल्हं पाण्याबाहेर काढलं," मुनीरा म्हणत होती, "आणि मांडीवर आडवं धरलं. वल्ह्याच्या आवाजात पुतळीचा एकसुद्धा शब्द बुडायला नको होता त्याला. होडी भरतीच्या पाण्यावर आपली आपण चालली होती, आणि हैबतराव ऐकत होता."

नासिर नेलकटर हातात घेऊन दारात उभा राहिला.

"कोन हैबतराव?"

मुनीरानं मान वर केली नाही. मिठाच्या बरणीला टेकवून फोन उभा केला होता, त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "कादंबरीतला हाय. गप ऱ्हावा. तुमचा आवाज येतो त्यात."

मुनीरा कादंबरी करते आहे ही गोष्ट नासिरला नवी नव्हती. रोह्याशेजारच्या वरसे गावातल्या त्यांच्या बिल्डिंगीत, नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर, सगळीकडे त्यानं स्वतःच सांगून ठेवलं होतं, की आमची बायको पुस्तक लिहिते. सांगताना छाती पुढे काढून सांगायचा, जसं काही ते पुस्तक त्यानंच आखातातून बॅगेत घालून आणलं होतं. त्या पुस्तकात पुरुष असेल, आणि तो आपण नसू, हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. पुरुषांच्या डोक्यात अशा गोष्टी उशिरा येतात आणि आल्या की निघत नाहीत.

मुनीराची हकीकत थोडक्यात अशी. रोह्याच्या मराठी शाळेत नववीत असताना बाईंनी वर्गात विचारलं, मोठेपणी कोण काय होणार? मुली नर्स झाल्या, शिक्षिका झाल्या. मुनीरा उभी राहून म्हणाली, "मी कादंबऱ्या लिहिणार." वर्ग हसला. एकटी नमिता हसली नाही, कारण रोज मधल्या सुट्टीत मुनीराची कादंबरी ऐकायची ती नमिताच. मुनीरा लिहायची नाही, सांगायची. कुंडलिका नदीच्या काठावर बसून रोज एक तुकडा. ऐन रंगात आला की घंटा व्हायची, आणि नमिताला पुढचा भूगोल ऐकू यायचा नाही.

मग एकोणिसाव्या वर्षी मुनीराचं लग्न झालं. नासिर कतारला, दोह्यात, एका कंपनीत स्टोअरकीपर. लग्नानंतर सहा वर्षं तो तिकडे आणि ती सासरी. फॅमिली व्हिसा मिळाला तशी तीही गेली आणि पुढची तीस वर्षं तिथलीच झाली. परक्या मुलखात पहिल्या वर्षी तिला दुकानदाराशी बोलता येईना, दुसऱ्या वर्षी ती एकट्या राहणाऱ्या पोरांचे डबे करू लागली. जुहेब आणि फिजा, दोन मुलं तिथंच वाढवली. तिच्या हातची सुरमई खाऊन किती तरी लोक म्हणाले असतील, भाभी, हॉटेल काढा. भाभी, तुम्हाला काय व्हायचं होतं, असं कुणी विचारलं नाही. विचारतं कोण?

जुहेब दोह्यालाच राहिला, फिजा लग्न होऊन पनवेलला आली, आणि म्हातारा-म्हातारी वरशाला फ्लॅट घेऊन परतली. परतल्यावर एका लग्नात मुनीराला नमिता भेटली. नमिता आता पेणची. सासरचा गणपतीचा कारखाना, स्वतः शाळेतून निवृत्त, केस पांढरे. चाळीस वर्षांनी भेटलेल्या मैत्रिणीला तिनं काय विचारावं?

"काय गो, त्या रुखीचं पुढं काय झालं?"

मुनीरा बिर्याणीची प्लेट हातात धरून उभीच राहिली. रुखी ही तिच्या शाळेतल्या कादंबरीतली तरीवाल्याची, म्हणजे होडीतून माणसं पल्याड नेणाऱ्याची पोर. मुनीरा तिथंच रडली, बिर्याणी गार झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून कादंबरी सुरू झाली. डबे भरून भरून बोटं वाकडी झालेली, त्यामुळे लिहिणं नाही. फोनमध्ये बोलायचं, नमिताकडे पाठवायचं, नमितानं ते टाइप करायचं. गुरुवारी एसटीनं पेणला जाऊन दोघींनी कारखान्याच्या माडीवर बसून वाचायचं, भांडायचं, बदलायचं. रुखीची आता पुतळी झाली होती, आणि तरीच्या जागी मिठागर आलं होतं.

इथवर नासिरची काही हरकत नव्हती. मग हैबतराव आला.

हैबतराव मिठाची होडी चालवायचा. उंच होता. नासिर उंच नव्हता. हैबतराव भाकरीची तारीफ करायचा, हे नासिरनं दाराआडून ऐकलं, आणि त्या दिवशी जेवताना म्हणाला, "भाकरी आज मऊ झालीय."

मुनीरानं त्याच्या कपाळाला हात लावला. "बरं नाय काय वाटत?"

"भाकरीला चांगलं म्हणायचं नाय काय मानसानं?"

"म्हणा की. पन आज चपाती हाय."

नासिरनं फिजाला फोन केला. आडून आडून विचारलं, अम्मीच्या माहेरी, शेजारी, कुणी उंच माणूस होता काय? होडीवाला? फिजा इतकी हसली की तिच्या नवऱ्यानं पलीकडून काय झालं म्हणून विचारलं.

"अब्बा, तो खोटा मानूस हाय. तुमी खोट्या मानसावर जळता?"

"मी कशाला जळू? मी फकस्त विचारतो."

"मग अम्मीलाच विचारा."

अम्मीला विचारायची हिंमत असती तर पनवेलला फोन कशाला केला असता?

एका सकाळी खाली मासळीवालीनं हाक दिली आणि मुनीरा टोपली बघायला उतरली. फोन चार्जिंगला होता. नासिरनं तो उचलला, बाल्कनीचं दार लावून घेतलं आणि त्या दिवशीचं प्रकरण लावलं. मासळीवालीशी मुनीराची घासाघीस लांबते हे त्याला ठाऊक होतं.

प्रकरण मिठाच्या वखारीतलं होतं. वैशाखातली दुपार, वखारीत सात-आठ माणसं, वर दोरीनं ओढायचा मोठा कापडी पंखा. पुतळी गोष्ट सांगते आहे. पंख्याच्या फडफडीत शब्द नीट ऐकू येत नाहीत, म्हणून हैबतराव उठतो आणि दोरी ओढणाऱ्याचा हात धरतो. पंखा थांबतो. वखारीत सगळे घामानं भिजलेत, पण कुणी हूं की चूं करत नाही. एकटा वखारीचा कारकून तेवढा कपाळ पुसत कुरकुरतो, "हिच्या गोष्टीपायी आम्ही घामानं मरायचं काय?"

नासिरनं फोन बंद केला. ते वाक्य त्याचं होतं.

शब्दन् शब्द त्याचं. दोह्याच्या कॅम्पात, आठ माणसांच्या खोलीत, पत्नी गावी आणि नवरा तिकडे अशी सगळ्यांची गत असताना पत्रापेक्षा कॅसेट चालायची. सुट्टीवर जाणाऱ्या-येणाऱ्याच्या बॅगेतून कॅसेट गावी जायची, तीच परत यायची. बायकोनं बोललेलं ऐकायचं, त्यावरच आपलं बोलायचं, आणि परत पाठवायची. सगळे तसंच करायचे. इतरांच्या बायका सासूची तक्रार आणि कौलांचा खर्च सांगायच्या. मुनीराची कॅसेट आली की खोली भरायची, कारण तिच्या कॅसेटीत तक्रार अर्धा मिनिट आणि बाकी सगळी रुखीची गोष्ट. खिडकीतला एसी ट्रॅक्टरसारखा घरघरायचा. खांब गावचा कमळाकर, पाइप फिटर, तो उठायचा आणि एसी बंद करायचा. पंचेचाळीस डिग्रीत! आणि मग नासिर, ज्याची बायको तोच, त्या कॅसेटवर आपला निरोप भरताना म्हणाला होता, तुझ्या गोष्टीपायी हा कमळाकर एसी बंद करतो, आमी घामानं मरायचं काय?

म्हणजे हैबतराव खोटा नव्हता. तो खांबला राहत होता. आणि नासिरसुद्धा पुस्तकात होता, पण वखारीतला कारकून म्हणून. त्या कारकुनाला साधं नावसुद्धा नव्हतं. होडीला नाव होतं. वखारीतल्या मांजरीला नाव होतं.

खालून मुनीराचा आवाज आला, "नको गो, शिळी हायत तुजी कोलंबी," आणि नासिरच्या अंगठ्यानं ते प्रकरण पुसून टाकलं. चुकून नाही. चांगलं बघून, 'डिलीट' दाबून.

मग त्याला घरात थांबवेना. "कोलाडला काम हाय," असं जिन्यात भेटलेल्या मुनीराला सांगून त्यानं रिक्षा पकडली, ती थेट खांबला.

कमळाकर अंगणात खाटेवर बसून वालाच्या शेंगा सोलत होता. वय झालेलं, पण उंची तीच. नासिरला ती उंची बघूनच राग आला.

"अरे नासिरभाय! वाट चुकलास की काय? ये, ये. भूमिका, पाणी आण गो!" कमळाकरनं सुनेला हाक मारली.

पाणी झालं, चहा झाला, गुडघे झाले, जुन्या फोरमनला शिव्या घालून झाल्या. मग नासिरनं घसा साफ केला. "कमळ्या, तुला मुनीरा आठवते?"

"भाभीला मी कधी पाहिलं रे? ती तिकडं आली तरी आमी खोलीवालेच, तुझ्या फॅमिलीच्या घरी कोण बोलावतो?" कमळाकरनं शेंग सुपात टाकली. "आवाज आठवतो. अजून आठवतो. मला एक सांग, त्या रुखीचं पुढं काय झालं?"

पुन्हा तेच. रुखी मेली तरी लोक तिचं पुढचं विचारतील, असं नासिरला वाटलं.

"मला काय माहीत?"

"तुला नाय माहीत? तुझ्या तर घरात होती गोष्ट!" कमळाकर पुढे वाकला. "रुखी होडी सोडून बंदरात उतरते, तिथवर आलं होतं. आमी म्हटलं परत एकदा लाव, नीट ऐकू. तर तू त्याच्यावर बोलून बसलेलास. काय तर म्हणे, बोकड विकू नको नि अब्बांच्या दाताचं बघ. आधी सात जण तुझ्या पाया पडले होते, नासिर, की नवी कॅसेट घे, ही ठेव. तू काय म्हणालास? चांगली हाय ही, वाया कशाला घालवू!"

"सगळेच तसं करायचे."

"सगळ्यांच्या बायका गोष्ट सांगत होत्या काय?"

अडचणीत आला की नासिर नको ते बोलतो. "ती आता पुस्तक करते त्याचं," तो म्हणाला. "रविवारी पेणला वाचणार हाय. नमिताबाईंच्या गणपतीच्या कारखान्यात, महिला मंडळाच्या बायकांसमोर."

"कितीला?"

"चारला," नासिरच्या तोंडून गेलं, आणि जीभ चावेपर्यंत कमळाकर आत सुनेला सांगायलासुद्धा लागला होता, की रविवारचा पांढरा शर्ट इस्त्रीला दे.

घरी आला तेव्हा मुनीरा टेबलाशी बसली होती. समोर फोन.

"पुसलंत?"

"काय?"

"पंच्याऐंशी सालापासून नवरा हाव तुमी माझे. एवढं तरी वळखते. पुसलंत काय?"

"चुकून."

"चुकून फोनमधून गोष्ट जात नाय. दोनदा विचारतो तो, पुसू काय, पुसू काय म्हणून."

नासिर खुर्चीत बसला. आता ही रडणार, फिजाला फोन करणार, पनवेलहून लेक-जावई येणार, असं सगळं त्याला दिसायला लागलं. पण मुनीरा उठून गॅसवर चहा ठेवायला लागली.

"बोललं की लगेच नमिताकडं पाठवते मी," ती पाठमोरी म्हणाली. "मागून हात धुते. तुमच्याशी लगीन झाल्यावर शिकले ते. ती गोष्ट पेणला टाइपसुद्धा झाली असंल."

नासिरला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचा राग आला.

"तेव्हा मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "तुमी ऐकता नि जपून ठेवता असं वाटायचं मला. दर वेळेला तीच कॅसेट येते हे ध्यानातच नाय आलं. एकदा तुमचं बोलनं लवकर संपलं. बोकडाचं झालं, दाताचं झालं, खुदा हाफिज झालं. नि मी बंद करायच्या आधी मागून माझाच आवाज आला. रुखी बंदरात उतरते, तेवढंच. शेपूट ऱ्हायलेलं. तेव्हा कळलं, की तुमी माझ्यावर बोलत होताव." तिनं आलं ठेचलं. "मग मी पन बोकडाचंच बोलाय लागले."

हे खरं होतं. पुढच्या कॅसेटींत बोकड आणि कौलंच होती, आणि खोलीतले सात जण आपापल्या कामाला लागले होते. आपलं काही हरवलं असं नासिरला तेव्हा वाटलं नव्हतं. एसी चालू राहायला लागला म्हणून बरंच वाटलं होतं.

चहाचा कप समोर आला. नासिरनं विचारलंच. माणूस अशा वेळी जे विचारायचं ते सोडून दुसरंच विचारतो.

"हैबतराव म्हंजे कमळाकर?"

"कमळाकर दिसाय कसा हाय, मला काय ठाऊक? तुमीच सांगितलंत, कोन एक एसी बंद करतो. तेवढ्यावर केला मी मानूस उभा. बाकी सगळा मनाचा."

"उंच?"

"तो पन मनाचा."

"आणि तो कारकून मी हाय."

"व्हय."

"त्याला नाव तरी दे, मुनीरा. मांजरीला दिलंस."

"मांजर गोष्ट ऐकत बसते." मुनीरानं आपला कप उचलला. "कारकुनानं काय केलंय नाव देन्यासारखं? करील तेव्हा बघू."

रविवारी नासिरनं अत्तर लावलं. पेणच्या एसटीत तो मुनीराशी नागोठण्यापर्यंत बोलला नाही, आणि नागोठण्यानंतर फक्त खिडकी लावू काय म्हणून विचारलं.

कारखान्याच्या शेडमध्ये दोन्ही बाजूंना गणपती रचलेले होते, पांढरे, अजून रंग न लागलेले, आणि मधल्या मोकळ्या जागेत सतरंजीवर बायका. एका टोकाला पहिल्या रंगाचा हात दिलेल्या मूर्ती वाळत ठेवल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर माणसाएवढा मोठा उभा पंखा गरगरत होता. मे महिना, वर पत्रा. त्या पंख्याच्या वाऱ्यात बसायला बायकांची धक्काबुक्की चालली होती.

दारात पांढरा शर्ट दिसला. कमळाकर आत आला, नासिरला हात केला आणि सरळ पुढे जाऊन मुनीराला म्हणाला, "भाभी, मी खांबचा कमळाकर. एसीवाला."

मुनीरानं त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. चांगली मान वर करून पाहावं लागलं तिला. "अगो बाई," ती म्हणाली, "उंच हायत की खरंच!" आणि नमिता तोंडावर पदर धरून हसली. नासिरला वाटलं, आत्ताच्या आत्ता एखादा गणपती उचलून घरी निघून जावं.

नमितानं ओळख करून दिली, टाइप केलेले कागद मुनीराच्या हातात दिले, आणि मुनीरा वाचायला लागली. वाचायला म्हणजे काय, कागद नुसता हातात. डोळे मिटून ती सांगत होती. वखारीचंच प्रकरण. पण तिचा आवाज मुळात बारीक, पंख्याची घरघर मोठी. मागच्या बायका कानाला हात लावायला लागल्या. एक म्हणाली, "जरा मोठ्यानं हो!" मुनीराचा आवाज चिरकला. ती एक ओळ चुकली, परत मागे आली, परत अडखळली. तिच्या कपाळावर जो घाम आला तो नासिरच्या ओळखीचा होता. दोह्यात पहिल्या वर्षी दुकानदारासमोर उभी राहायची तेव्हा असाच यायचा.

आणि कमळाकरनं गुडघ्यावर हात टेकले. उठायला. त्याची नजर पंख्यावर होती.

पासष्ट वर्षांचा नासिर मुकादम, डाव्या पायात वात, दोन बायकांच्या मधून आणि एका गणपतीच्या सोंडेखालून असा काही धावला की नमिताचा मुलगा प्रविण ओरडला, "काका, मूर्ती!" मूर्ती वाचली. नासिरनं भिंतीवरचं बटण दाबलं. पंखा गरगरला, मंदावला आणि थांबला.

"ओ काका, रंग ओला आहे!" प्रविण म्हणाला. "लावा तो परत!"

"वाळंल उद्या."

"अहो, उकडतंय इथं!" पुढच्या बाईनं पदरानं वारा घेत म्हटलं.

"घामानं कोन मरत नाय," नासिर म्हणाला, "ऐका."

आणि बटणावर हात ठेवून तो तिथंच उभा राहिला, परत कुणी लावायला नको म्हणून. शेड एकदम शांत झाली. मुनीरानं डोळे उघडून बटणाकडे पाहिलं, अंमळ जास्तच पाहिलं, मग परत मिटले आणि पुतळीला पुढं चालू केलं. आता शेवटच्या रांगेपर्यंत शब्द जात होता. कारकून आला, कपाळ पुसलं, कुरकुरला. बायका हसल्या. बटणाशी उभ्या असलेल्या नासिरच्या कानशिलावरून घाम ओघळून कॉलरमध्ये जात होता, पण त्यानं तो पुसला नाही. कमळाकर डोळे मिटून ऐकत होता, अगदी हैबतरावासारखा. म्हणून नासिरनंही मिटले. मात्र मधून मधून एक डोळा उघडून तो कमळाकरकडे बघून घेत होता.

संपल्यावर टाळ्या झाल्या, पंखा लागला, सरबत आलं. नमिता चष्मा कपाळावर ढकलून म्हणाली, "मुनीरा, सगळं छान आहे. पण तो कारकून नुसता कारकूनच ठेवलायस. त्याला नाव दे की."

"देईन म्हणते," मुनीरा म्हणाली. "फुडच्या प्रकरणात त्याला होडीत बसवते. वल्हं धरता येतं काय बघू."

नासिर सरबताचा ग्लास घेऊन मागेच उभा होता. "नि हैबतराव? तो उतरतो ना मग?"

"तो कशाला उतरतो? मोठी होडी हाय. दोगं मावतात."

नासिरला ते मुळीच आवडलं नाही. एसटी येईपर्यंत तो त्यावरच वाद घालत होता.